आधी बारीक, मग पाण्यात?

"पोहायला यायचंय हो, पण आधी जरा बारीक होऊ दे!" हे वाक्य इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की, आता मला त्याचा राग येतो. जिना चढताना धाप लागलेली चालते. तलावावर दंड जाड दिसलेले मात्र चालत नाहीत!

अमेरिकेची लिन कॉक्स १९८७ च्या ऑगस्टमध्ये बेरिंगच्या सामुद्रधुनीत अमेरिकेच्या बेटावरून सोव्हिएत रशियाच्या बेटावर पोहत गेली. पाणी हाडं गोठवणारं, अंगावर पोहण्याचा साधा पोशाख आणि वेळ दोन तासांहून थोडा अधिक. ही बाई अंगानं चांगली भरलेली. चरबी पाण्याहून हलकी, शिवाय ऊब धरून ठेवणारी. आरशाला जे खुपतं, तेच तिथं कामी आलं.

आपले मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या जवानानं १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण.

आणि आपण? "काळी पडशील, खांदे रुंद होतील," म्हणत वयात आलेल्या पोरीला तलावातून बाहेर काढतो. (पोराचे खांदे रुंद झाले की शेजारीपाजारी कौतुक!) उद्या सहलीत पाय घसरून ती नदीत पडली, तर गोरा रंग तिला काठाला आणणार आहे का?

उन्हाळ्यात तलावांवर शिकाऊ वर्ग सुरू होतात. लेकीचं नाव घाला, आपलंही घाला. वजनाचा काटा राहू दे घरी; न थांबता किती अंतर जाता येतं, तेवढं दर आठवड्याला कॅलेंडरवर टिपून ठेवा.