'चालकाचा ताबा सुटल्याने'

हे तीन शब्द मी आजवर किती बातम्यांत लिहिले असतील, मोजदाद नाही. ट्रक उलटला, वडाप जीप दरीत गेली, की पोलिस ठाण्यातून एक ओळ मिळते आणि आम्ही ती छापतो. ब्रेक लागत होते का, टायर कुठल्या साली बदलले होते, विचारतंय कोण? चालक बहुतेक वेळा गेलेला असतो. बाजू मांडायला उरत नाही.

ही ओळ ज्यांना साधी वाटते त्यांच्यासाठी बोइंग ७३७ ची गोष्ट सांगतो.

३ मार्च १९९१. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला उतरता उतरता युनायटेडचं ५८५ विमान एका अंगावर कलंडलं आणि जमिनीत घुसलं. २५ माणसं गेली. चौकशीअंती १९९२ मध्ये निष्कर्ष काय, तर ठाम कारण सापडलं नाही. रडरमध्ये बिघाड असेल, नाहीतर वाऱ्याचा जबर फटका असेल. फाइल मिटली, विमानं उडत राहिली. ८ सप्टेंबर १९९४ ला पिट्सबर्गजवळ यूएसएअर ४२७. पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात ते जरासं हललं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं संपलं. १३२ जण. एकही वाचला नाही.

बोइंगचं म्हणणं होतं, दचकलेल्या वैमानिकानेच चुकीचं पेडल दाबून धरलं असावं. म्हणजे काय? चालकाचा ताबा सुटला!

मग जून १९९६ मध्ये ईस्टविंडचं ७३७ तसंच आडवं व्हायला लागलं, पण सुखरूप उतरलं. आता सांगायला वैमानिक जिवंत होता. रडर हलवणारं यंत्र थंडगार करून त्यात गरम तेल सोडून पाहिलं, तर आतला व्हॉल्व्ह अडकला. तो एका विशिष्ट पद्धतीने अडकला तर पेडल दाबाल त्याच्या उलट्या बाजूला रडर वळतं, हेही कळलं. बिचारा वैमानिक विमान सावरायला जीव तोडून पेडल दाबतोय आणि त्यानेच ते आणखी कलंडतंय! १९९९ मध्ये ४२७ चा अहवाल आला. ५८५ चा जुना अहवाल २००१ मध्ये बदलावा लागला. दहा वर्षांनी.

कोणी म्हणेल, दारू पिऊन चालवणारे नसतात का? असतात की. मग तपासून तेच लिहा ना. तिकडे निदान व्हॉल्व्ह खोलून बघणारे होते. आपल्याकडे आरटीओचा निरीक्षक अपघातग्रस्त गाडी तपासतो, पण त्याचा कागद येईपर्यंत बातमी शिळी होते आणि आम्ही पत्रकार तो मागायला जात नाही. मीही गेलो नाही, उगाच कशाला लपवू.

तुमच्या घरातल्या चालकाबद्दल मी कधी ही ओळ लिहिली असेल आणि तो कागद तुमच्याकडे असेल, तर घेऊन या. छापतो.