एका पव्व्याची किंमत

वर्धा जिल्ह्यातल्या बारावी झालेल्या पोराला पक्की सरकारी नोकरी हवी असेल, तर वाटा फार नाहीत. पोलीस भरती, सैन्य भरती आणि पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा 'डेपो'. तिथे फायरमन किंवा ट्रेड्समन मेटच्या जागा निघाल्या की देवळी-आर्वीकडची पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. धावणे जमते, लेखी निघते, वैद्यकीय तपासणीही पार पडते. मग हातात येतो साक्षांकन नमुना. त्यात विचारलेले असते: आपणांस कधी अटक झाली आहे काय? आपल्यावर खटला चालला आहे काय? दंड झाला आहे काय? आणि वर ठळक इशारा, की माहिती दडवली तर अपात्र ठराल.

हा प्रश्न वर्ध्यातल्या पोराला इतरांपेक्षा जास्त जड जातो. जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. दारू किती बंद झाली हे गावोगावच्या महिला मंडळांना विचारावे. गुन्हे मात्र भरपूर दाखल झाले. पोळ्याच्या करीला मित्राच्या गाडीवर मागे बसून नदीपलीकडून दोन पव्वे आणले, नाक्यावर धरले, की दारूबंदी कायद्याचे कलम ६५ (ई) लागते. तोच पव्वा पलीकडे अमरावती जिल्ह्यात परवानाधारक दुकानात राजरोस मिळतो. पिऊन धिंगाणा घातला तर कलम ८५. कोर्टात वकील सांगतो, कबूल कर, दंड भर, मोकळा हो. पोरगा मोकळा होतो आणि विसरतो. त्याच्या लेखी प्रकरण मिटले, कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धी असते. पुढे नमुना भरताना झेरॉक्सच्या दुकानात सल्ला मिळतो: "टाक ना बे 'नाही', कोन पाह्यते!"

पाहतात. ठाण्यातल्या नोंदी आता संगणकावर आहेत. पव्व्यापेक्षा 'नाही' महाग पडते. म्हणून पोरांना आमचे सांगणे एवढेच, की खरे लिहा. मात्र खरे लिहिणाऱ्याचे पुढे काय होते, याचा जाब प्रशासनाने द्यायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २१ जुलै २०१६ रोजी याची चौकट आखून दिली आहे. माहिती खरीच दिली पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. पण तरुणपणीच्या घोषणाबाजीसारखे किरकोळ प्रकरण दडवले गेले असले, तरी नेमणूक करणारा अधिकारी ते माफ करू शकतो, असेही म्हटले. खरे सांगितलेल्या प्रकरणाचाही विचार करण्याचा हक्क मालकाला आहेच. तो विचार पद, गुन्हा आणि परिस्थिती पाहून व्हावा, ही अट आहे. त्याआधी १९८३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात जुन्या राजकीय कामावरून नोकरी काढून घेणे याच न्यायालयाने चुकीचे ठरवले होते. शेतकरी आंदोलनांच्या या पट्ट्यात रास्ता रोकोचे गुन्हे अंगावर घेतलेल्यांनी तो निकाल लक्षात ठेवावा.

डेपो म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, हे आम्हालाही ठाऊक आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर तिथे लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशामक गेले; आगरगाव, नागझरीचे लोक अंधारात घरे सोडून पळाले. आत कोण शिरतो हे काटेकोर तपासलेच पाहिजे. परंतु त्या आगीनंतर बोट दाखवले गेले ते सुरुंगांतून झिरपणाऱ्या टीएनटीकडे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी डेपोजवळच्या सोनेगाव (आबाजी) येथे निकामी करायचा जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला, सहा जण मेले, त्यांत कंत्राटी मजूर होते. या दोन्ही घटनांत कोणाच्या चारित्र्याच्या दाखल्यात खोट निघाली? पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना पाकिस्तानी हेरांशी संपर्काच्या आरोपावरून मे २०२३ मध्ये अटक झाली. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण एवढ्या उंच खुर्चीवर जुना दाखला पुरत नाही, हे त्यावरून कळायला हरकत नाही. नोकरीत शिरतानाची गाळणी बारीक, शिरल्यानंतरची नजर सैल, असा आपला उलटा कारभार आहे. तोही खालच्या माणसालाच जास्त बोचणारा.

तेव्हा वर्ध्याच्या पोलीस अधीक्षकांनी आणि डेपोच्या प्रशासनाने पुढची भरती निघण्याआधी एकत्र बसावे. ठाण्याच्या अहवालात 'गुन्हा दाखल आहे' एवढीच ओळ नको; कोणते कलम, त्या वेळी वय किती, निकाल काय, त्यानंतर वर्तन कसे, हे सारे यावे. अहवाल किती दिवसांत जाईल याची मुदत जाहीर व्हावी, कारण अडकलेल्या फायलीमागे एक घर अडकलेले असते. आणि उमेदवाराला नाकारायचे असेल तर आधी नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे आणि कारण त्याच्या हातात लेखी ठेवावे.