अंगठा खोटा नसतो, ओला असतो

"डॉक्टर, माझा अंगठा लागत नाही. काहीतरी मलम द्या." गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एका बाईंनी हात पुढे केले. सकाळची चार घरची धुणीभांडी उरकून त्या थेट रेशन दुकानात गेल्या होत्या. यंत्राने तीनदा ठसा नाकारला आणि त्या रिकामी पिशवी घेऊन परतल्या. बोटांची पेरं पांढरी, सुरकुतलेली होती. रोग काहीच नव्हता.

पाण्यात कातडी फुगते म्हणून सुरकुत्या पडतात, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते अपुरं आहे. हाताचा मज्जातंतू तुटला, तर त्याच्या ताब्यातली बोटं कितीही वेळ पाण्यात ठेवली तरी गुळगुळीत राहतात, हे १९३०च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. प्रत्यक्षात पाणी घामाच्या छिद्रांतून शिरतं, मज्जासंस्था आपोआप बोटांतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, आतला मांसल भाग किंचित आक्रसतो आणि वरच्या कातडीला घड्या पडतात. कोमट पाण्यात पाचेक मिनिटं पुरतात. या घड्यांमुळे ओल्या वस्तू लवकर उचलता येतात, असं २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातील प्रयोगात दिसलं. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांना मात्र तसा फायदा आढळला नाही.

म्हणजे सुरकुत्या पडणं हे मज्जातंतू शाबूत असल्याचं लक्षण. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा झाली, तर त्या कमी पडतात किंवा पडतच नाहीत. कपडे धुताना नऊ बोटं सुरकुतली आणि एक कोरं राहिलं, किंवा बोटांना बधिरपणा जाणवला, तर तपासून घ्या.

आता ठशाकडे वळू. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच घडतात आणि त्यांचं मूळ कातडीच्या खोल थरात असतं. पाण्याने त्या बदलत नाहीत. पण यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं. घड्यांमुळे रेषा तुटक, वाकड्या दिसतात. ओलाव्याने ठसा फिसकटतो. हात कोरडे राहिले की थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं. साबण, सोडा, सिमेंट यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या रेषा मात्र खरोखर झिजतात. कॅपेसिटाबिन हे कर्करोगावरचं औषध घेणाऱ्या काही रुग्णांचे ठसेही पुसट होतात.

तेव्हा अंगठा लावण्याआधी हात पुसा, थोडं थांबा, दुसरं बोट लावून पाहा. कामानंतर हातांना खोबरेल तेल चोळा. ठसा देताना ते पुसून टाका. पण सगळा भार त्या बाईंच्या बोटांवर टाकून चालणार नाही. पडताळणी झाली नाही म्हणून पात्र माणसाचं धान्य अडवू नये, अशा सूचना केंद्राने २०१७ मध्येच दिल्या आहेत. डोळ्यांची पडताळणी, मोबाइलवरचा ओटीपी, नोंदवहीतली सही असे पर्याय प्रत्येक दुकानात चालू हवेत आणि ते दुकानदारानेच आपणहून सांगायला हवेत.

त्या बाईंना मी मलम दिलं नाही. 'हाताला कोणताही आजार नाही' एवढंच लिहून दिलं. जो हात दिवसभर पाण्यात राबतो, त्यालाच यंत्र ओळखत नसेल, तर दुरुस्ती हाताची नव्हे, व्यवस्थेची करायला हवी.