वॉरंट कोणाच्या सहीचे?

अमेरिकेत शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे येथे स्थलांतरितांची धरपकड शक्यतो करू नये, असे धोरण २०११ पासून होते. २०२१ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने सत्तेवर येताच ते रद्द केले. त्यासाठी संसदेत चर्चा झाली नाही, मतदानही नाही. परिपत्रकाने दिलेले संरक्षण परिपत्रकानेच गेले!

मग त्या मुलांचा शिक्षणाचा हक्कही गेला काय? नाही. त्याचा आधार राज्यघटनेत आहे. टेक्सास राज्याने १९७५ साली कायदा करून कागदपत्रे नसलेल्या मुलांसाठीचा शालेय निधी रोखला. टायलर येथील शाळांनी अशा मुलांकडे वर्षाला हजार डॉलर फी मागितली. मजुरी करणारा बाप ती कोठून देणार? 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षण 'नागरिका'ला नव्हे, 'व्यक्ती'ला आहे. (आपल्या कलम १४ मध्येही हाच शब्द आहे.) आईबाप विनापरवाना आले म्हणून लेकरांना शिक्षा देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्या. ब्रेनन यांनी निकालपत्रात चक्क 'कास्ट' हा शब्द वापरला. स्वस्त मजुरीसाठी ठेवून घ्यायचे आणि हक्क मात्र नाकारायचे, अशा माणसांची कायमची जात तयार होईल, हा धोका त्यांनी दाखवला. तो शब्द किती नेमका आहे, हे आपल्या वाचकांना समजावण्याची गरज नाही.

परंतु वकील म्हणून मला या निकालाची मर्यादाही दिसते. तो मुलाला वर्गात बसवतो. त्याला सोडायला आलेल्या आईला फाटकावर पकडू नका, असे सांगत नाही. आई घराबाहेर पडायला घाबरली की मूलही घरीच राहते. हक्क कागदावर शाबूत, बाक रिकामा.

अशा वेळी सारी भिस्त मुख्याध्यापकावर येते. स्थलांतर खात्याचे वॉरंट बहुधा खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीचे असते. तेवढ्या बळावर शाळेच्या खाजगी भागात शिरता येत नाही. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट लागते, नाहीतर शाळेची परवानगी. ही परवानगीच खरी ग्यानबाची मेख! घाबरलेल्या कारकुनाने दार उघडले की संपले. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी केंद्रीय अधिकाऱ्यांना आत येऊ दिले नाही. त्यांना परत जावे लागले. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने न्यायालयीन वॉरंटाची ही अट कायद्यातच घातली.

त्याच वर्षी टेनेसी राज्याच्या सिनेटने मात्र अशा मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा शाळांना देणारे विधेयक मंजूर केले. पुढे ते अडले. पण त्याचा रोख १९८२ च्या त्या एका मताच्या बहुमतावरच होता.