बागेची किल्ली कुणाकडे?

आमच्या मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेवर राडारोडा पडून आहे. तिथं सगळ्यांनी मिळून झाडं, भाजीपाला लावावा, असा विषय बैठकीत निघाला. 'बाग म्हणजे श्रीमंतांचे चोचले, पार्किंग करा' म्हणणाऱ्यांत मीही होतो. बैठकीत एकही बाई नव्हती. घरी अम्मी म्हणाली, "गाडी तुझी. मी बसू कुठं?" इंजिनिअर मुलाकडं उत्तर नव्हतं.

चोचले म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्क आठवावं. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचरा उपसला, माती आणली, वाफे केले. ती श्रीमंतांची वस्ती नव्हती. पुढच्याच वर्षी ती जागा त्यांनी शहर प्रशासनाकडून महिना एक डॉलर भाड्यानं मिळवली. भाडं नाममात्र, पण हक्क कागदावर आला. १९९९ मध्ये त्याच शहरानं शंभरहून अधिक बागा लिलावात काढल्या, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. शेवटी संस्थांनी त्या विकत घेऊन वाचवल्या.

दोस्तांनो, पालिकेला शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो. पण जागेसाठी अर्ज कुणी केला? रोप लावून फोटो काढला की बाग होत नाही. जागेचा करार, पाणी घालायची पाळी, हिशेबाची वही हे आधी ठरवा. आणि फाटकाची एक किल्ली बायकांच्या हाती नसेल, तर तो पुरुषांचा आणखी एक कट्टाच होईल.

पुढच्या बैठकीत मी माझं मत मागं घेणार आहे. अम्मीही येणार आहे. तुमच्या मोहल्ल्यातल्या बैठकीला कोण येतंय?