बर्कले इंजिनिअर आणि आठवण जपण्याची रीत

जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून आमच्या अजिंठ्यात चहाच्या हॉटेलात, मशिदीबाहेरच्या ओट्यावर रेल्वेचा विषय निघतो. जमीन कोणाची जाणार, मोबदला किती मिळणार, पोरांना काम लागेल का? लेण्या जगभर प्रसिद्ध, पण गावाला रेल्वे नाही. आजही बरेच पाहुणे जळगाव स्टेशनावर उतरतात आणि तिथून साठेक किलोमीटर सडकेने येतात.

जळगावला येणारी ती गाडी मुंबईहून निघून सह्याद्री चढून येते. त्या वाटेची आखणी ज्याच्या देखरेखीखाली झाली, तो इंजिनिअर वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी गेला. या महिन्यात आपण त्याची आठवण काढू या. त्या निमित्ताने एक गोष्ट आपल्या घरांविषयीही बोलायची आहे.

त्याचं नाव जेम्स जॉन बर्कले. जन्म १८१९ चा, लंडनचा. रेल्वेचे नामवंत इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तो शिकला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने त्याला मुख्य इंजिनिअर नेमलं आणि १८५० मध्ये, तिशीतला हा तरुण मुंबईत उतरला. इथे रेल्वे कोणी पाहिलेली नव्हती. तीन वर्षांत, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. पुढच्या वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोचले.

बर्कलेची एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. त्या काळात मोठी कंत्राटं गोऱ्यांनाच मिळत. बर्कलेने मात्र इथल्या माणसांवर भरवसा टाकला. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने त्याच्या हाताखाली रेल्वेची मोठी कामं करून दाखवली.

खरी परीक्षा होती ती घाटाची. मुंबईहून पुण्याकडे बोरघाट, नाशिक-खानदेशाकडे थळघाट. बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, आणि सगळं सुरुंग, पहार आणि माणसाच्या हातांवर. काम भरात असताना तिथे चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. पटकी आणि तापाने माणसं हजारोंनी गेली. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजूर चिडून उठले. कंत्राटदार बदलला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या नावावर घेतलं आणि काम तडीस नेलं.

बर्कलेची तब्येतही या कामाने खचली. तो इंग्लंडला परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी तिथेच वारला. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली २१ एप्रिल १८६३ रोजी. म्हणजे जेमतेम आठ महिने आधी तो गेला. थळघाटाचा मार्ग तर १८६५ मध्ये खुला झाला.

कोणी म्हणेल, तो गोऱ्या कंपनीचा नोकर. रेल्वे त्यांनी आपला कापूस नेण्यासाठी आणि फौजा हलवण्यासाठी बांधली. हे खरंच आहे, आणि शाळेत आम्ही मुलांना हेही सांगतो. पण त्याच्यामागे त्याची आठवण ज्या रीतीने जपली गेली, ती मात्र शिकण्यासारखी आहे.

त्याच्या नावाने मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी पारितोषिक ठेवलं गेलं. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधला म्हैसूरकडचा एक गरीब घरचा मुलगा परीक्षेत पहिला आला आणि जेम्स बर्कले पारितोषिक त्याला मिळालं. तो मुलगा म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. लगेच तो मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला, नाशिक-धुळ्याकडे कामं केली, पुढे खडकवासला धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार माजला, तेव्हा निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांनाच बोलावलं. त्यांच्या सल्ल्यातूनच पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. आमचं अजिंठा तेव्हा त्याच निजामाच्या मुलखात होतं. बर्कले वारला तेव्हा विश्वेश्वरय्या नुकते रांगण्या-चालण्याच्या वयाचे असतील.

वाचकहो, आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या वस्त्यांतून आता इंजिनिअर होत आहेत. कोणाच्या अब्बांनी रिक्षा चालवली, कोणाच्या अम्मीने शिवणकाम केलं, तेव्हा पोराच्या हातात पदवी आली. असा पोरगा हायवेवरच्या अपघाताने किंवा अचानक हृदय बंद पडून जातो, तेव्हा सगळा मोहल्ला रडतो. चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागतो. चाळिसाव्याला देगी चढतात. पहिल्याच पावसाळ्यात फ्लेक्स फाटतो. दोन वर्षांनी नवीन पोरांना त्याचं नावही ठाऊक नसतं. दुःख खोटं नसतं, ते कुठे ठेवायचं हेच आपल्याला सुचत नाही.

माणूस गेल्यावरही ज्याचा लाभ लोकांना होत राहतो आणि सवाब मरहूमला पोचत राहतो, त्याला आपण सदका-ए-जारिया म्हणतो. विहीर, झाड, मदरसा हे आपल्याला लगेच आठवतं. गणिताचं बक्षीस आठवत नाही. एका देगीच्या खर्चात गावच्या शाळेत दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कितीतरी वर्षं मरहूमच्या नावाने बक्षीस देता येईल. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मुलीची प्रवेश-फी भरता येईल. इंजिनिअरिंगची पुस्तकं महाग असतात. मरहूमची कपाटात पडलेली पुस्तकं वाचनालयात दिली, तरी चार पोरांचं वर्ष निघेल. मात्र रक्कम बँकेत ठेवावी, हिशेब तिघांच्या सहीने चालावा आणि बक्षीस देताना मरहूम कोण होता, कसा शिकला, हे पाच मिनिटं मुलांना सांगावं. नुसतं नाव पुकारून आठवण टिकत नाही.

आणखी एक. बर्कलेचं नाव पारितोषिकात राहिलं. बोरघाटात मेलेल्या मजुरांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी त्याच्या हातात पडावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. उद्या आमच्या डोंगरात रेल्वेचं काम निघालं, तर आपली पोरं त्यात इंजिनिअर म्हणून असतील, मुकादम असतील आणि पहार घेऊन मजूरही असतील. प्रत्येकाचं नाव हजेरीपटावर चढलं का, डोक्यावर हेल्मेट आहे का, मजुरी वेळेवर मिळते का, हे विचारण्याची सवय आपण आतापासून लावून घेऊ या.

या महिन्यात एवढं करा. आपल्या मोहल्ल्यातला, शिकून पुढे गेलेला आणि अवेळी गेलेला एक जण आठवा. त्याच्या घरी जा, घरच्यांशी बोला, आणि त्यांची राजीखुशी असेल तर गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. निकालाच्या दिवसापर्यंत बक्षिसाची रक्कम ठरलेली असू द्या.