शनिवार तेली आणि ‘बुद्धिमान ज्यूं’ची यादी

१/
समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक यादी नव्याने फिरू लागते. आइन्स्टाईन, फ्रॉइड, मार्क्स, स्पिनोझा, मेंडेल्सझोन, हायने, काफ्का, हाबर. खाली आकडा असतो: जगाच्या लोकसंख्येत ज्यू अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण नोबेल मानकऱ्यांत त्यांचा वाटा सुमारे एक पंचमांश. आणि त्याखाली ठरलेला निष्कर्ष: ‘हे रक्तातच असते.’ आकडा ढोबळमानाने खरा आहे. निष्कर्षाची मात्र झडती घ्यायला हवी, आणि तिच्यासाठी लागणारा पुरावा थेट अलिबागच्या किनाऱ्यावर सापडतो.

२/
आधी यादीकडेच पाहावे. स्पिनोझाला १६५६ साली ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केले; तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. संगीतकार मेंडेल्सझोनला बालपणीच बाप्तिस्मा दिला गेला, मार्क्सलाही. कवी हायने १८२५ मध्ये ख्रिस्ती झाला. कोणाला समाजाने बाहेर काढले, कोणी स्वतःहून बाहेर पडला. यादी मात्र सगळ्यांना परत गोळा करते. श्रद्धा, आचार, भाषा, स्वतःची इच्छा यांपैकी काहीही तिला लागत नाही. आजी-आजोबा कोण होते, एवढे कळले की पुरे.

३/
फ्रिट्झ हाबरचे उदाहरण जरा थांबून पाहण्याजोगे आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची रीत त्याने शोधली. आजची रासायनिक खते, आणि म्हणून जगातल्या कोट्यवधी लोकांच्या ताटातले अन्न, त्या रीतीवर उभे आहे. त्याबद्दल १९१८ सालचे नोबेल त्याला मिळाले. याच माणसाने १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन वायूचा मारा जातीने उभा राहून करवला. तो तरुणपणीच ख्रिस्ती झाला होता आणि स्वतःला कडवा जर्मन देशभक्त मानत होता. ‘ज्यू प्रतिभे’चा नमुना म्हणून त्याला मिरवणाऱ्यांनी यातले नेमके काय रक्ताच्या खात्यावर जमा करायचे? खत की विषारी वायू?

४/
एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ‘अनार्य’ कर्मचाऱ्यांना शासकीय सेवेतून काढण्याचा कायदा केला. पहिल्या महायुद्धातील सेवेमुळे हाबरला स्वतःला त्यातून सूट होती. पण संस्थेतल्या ज्यू सहकाऱ्यांना काढा, हा हुकूम पाळण्यापेक्षा त्याने स्वतःच राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी बाझेलमध्ये, मायदेशाबाहेर, त्याचा मृत्यू झाला.

५/
त्या कायद्याच्या अंमलबजावणीतही प्रश्न तोच होता: आजी-आजोबा कोण? एखाद्या समाजाला जन्मतः असामान्य ठरवणारा आणि त्याच समाजाला जन्मतः संशयास्पद ठरवणारा, दोघेही एकाच वहीत नोंदी करत असतात. म्हणून कौतुकाची यादी निरुपद्रवी आहे असे मानता येत नाही.

६/
आता कोकण. अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर पूर्वी कधीतरी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. कथेचा काळ ठरवणे अवघड. परंतु या लोकांनी कुलाबा परिसरातल्या गावांत वस्ती केली, लाकडी घाण्यावर तेल गाळण्याचा धंदा धरला, मराठी आपलीशी केली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, एवढे पक्के. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. आडनावे गावांवरून पडली: किहीमकर, राजपूरकर, दिवेकर, चेऊलकर, पेणकर, झिराड.

७/
हा समाज शतकानुशतके जगातल्या इतर ज्यूंपासून तुटलेला होता. तालमूद त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते, हिब्रू ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. उरले होते ते शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. प्रतिभा रक्तातून वाहत असेल, तर इतक्या शतकांत त्या घाण्यांभोवती एखादा तरी स्पिनोझा निपजायला हवा होता. तशी नोंद कुठेही नाही.

८/
मग अठराव्या शतकात काही कुटुंबे मुंबईला आली. पुरुष कंपनीच्या पलटणीत शिरले. त्यांपैकीच एक, समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनालय बांधले. पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आले, अमेरिकन मिशनच्या मराठी शाळा उघडल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत छापले. मिशनऱ्यांना धर्मांतरे हवी होती. ती फारशी झाली नाहीत. अक्षरे मात्र शिकून झाली.

९/
आणि त्यानंतरचा वेग पाहावा.

१०/
जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९०५ मध्ये रिबेका रूबेन मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या, तो मान मिळवणारी पहिली मुलगी म्हणून, आणि पुढे किहीमकरांच्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. जेरुशा झिराड यांची बहीण लहानपणी कामा रुग्णालयात बरी झाली. तेव्हाच जेरुशांनी डॉक्टर होण्याचे ठरवले. लंडनहून एम.डी. होऊन त्या परतल्या आणि १९२८ ते १९४७ त्याच कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची कथा जोसेफ डेव्हिड यांची. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड, हे चेऊलकर. आणि निसीम इझिकेल यांच्याशिवाय भारतीय इंग्रजी कवितेचा इतिहास लिहिताच येत नाही.

११/
घाण्यापासून महापौरपदापर्यंत जेमतेम दीडशे वर्षे. इतक्या काळात रक्त बदलत नाही. बदलले ते शहर, नोकरी, शाळा, आणि मुलींना त्या शाळेत पाठवण्याचा निर्णय.

१२/
यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. ही संधी सर्वांना सारखी मिळाली नव्हती. बायबलशी नाते असलेला समाज म्हणून मिशनऱ्यांना बेने इस्रायलांविषयी विशेष ओढ होती, आणि पलटणीच्या नोकरीने रोख पगार व निवृत्तिवेतन दिले. शेजारच्या हिंदू तेली कुटुंबाला यातले बरेचसे मिळाले नाही. आक्षेप मान्यच करावा. कारण तो रक्ताच्या सिद्धान्ताला आणखी दुबळा करतो. त्याच गावात, त्याच धंद्यात असलेल्या दोन घरांपैकी एकासमोर शाळेचे दार लवकर उघडले.

१३/
रक्ताच्या खात्रीची खरी फजिती पुढेच झाली. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मुख्य रब्बींनी, विवाहाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी, असे निर्देश काढले. ज्या लोकांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला, त्यांना जेरुसलेममध्ये आजी-आजोबांचा दाखला मागण्यात आला. त्यांनी तिथे धरणे धरले, आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे मान्य केले. आजी-आजोबांची चौकशी या वेळी बर्लिनमधून झालेली नव्हती, हे त्या समाजाला अधिक बोचले असणार.

१४/
‘थोर ज्यूं’च्या प्रचलित यादीत राजपूरकर, किहीमकर, रूबेन किंवा झिराड ही नावे बहुधा नसतात. कारण त्यांचे काम एका लहानशा समाजासाठी आणि बरेचसे मराठीत होते. मराठीत काम करणाऱ्याला नोबेल समिती वाचत नाही. पण समाज अक्षरशत्रू असतो तो साक्षर कसा होतो, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला आइन्स्टाईनच्या चरित्रापेक्षा माझगावच्या त्या शाळेच्या दफ्तरातून अधिक कळेल.

१५/
किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. हस्तलिखित तसेच पडून राहिले. दरम्यान ते वारले. पुस्तक छापले गेले १९३७ साली, तेल अवीवमध्ये. ज्या वर्षी डॉ. मोझेस मुंबईचे महापौर झाले, त्याच वर्षी.